लंगड्या घोड्याचा पिक्चर

३ मार्च

प्रिय भावजींना अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नका, माझी तब्येत ठीक आहे. फोनवर हे बोलायला गेलं की तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" करता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून कागद घेतला.

यांच्या आवाजाच्या दोन कॅसेट तुमच्याकडे आहेत. हे गेले त्या आठवड्यात तुम्ही नेल्यात. म्हणालात, "तुमच्या खोलीत ओल आहे, टेप खराब होईल, कॉपी काढून परत देतो." तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणी कपाट मागितलं असतं तरी उचलू दिलं असतं. आता मला त्या परत हव्या आहेत.

कारण सांगते. परवा वाचनालयातल्या बाईंना मी यांच्याबद्दल सांगत होते. सिनेमाचं मशीन चालवणारा माणूस त्याच खिडकीतून माईकवर अख्खा पिक्चर आपल्या भाषेत बोलायचा, हे त्यांना खरं वाटेना. मी म्हटलं, अहो, सकाळच्या खेळाला जुने घोड्यांचे पिक्चर यायचे, इंग्रजी. समोर गोदीतले हमाल, कारखान्यातली रात्रपाळी सुटलेली माणसं. त्यांना त्या भाषेतलं ओ की ठो कळायचं नाही. खरं तर यांनाही कळायचं नाही, पण हे बेधडक बोलायचे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "कसे बोलायचे, म्हणून दाखवा ना." मी तोंड उघडलं. "मंडळी, इथलं रीळ उंदरांनी खाल्लंय, तेवढ्यात दरोडा पडून गेला असं समजा!" शब्द सगळे आले. आवाज आला नाही. घरी येताना जिन्यात थांबून पुन्हा आठवून पाहिलं. जाड होता की घोगरा, नाकातून यायचा की पोटातून, काही म्हणजे काही नाही. जे आलं ते माझ्याच आवाजात.

थिएटरच्या दारावर तिकिटं फाडत मी जन्म काढला. पडद्याआडून त्यांचा प्रत्येक खेळ ऐकला आहे. आणि आता ही गत. ऑपरेशननंतरचं शेवटचं वर्ष ते पाटीवर लिहूनच बोलले, त्या मुक्या वर्षाने आधीचं सगळं गिळलं की काय, कोण जाणे. त्यांचा चेहरा फोटोत आहे. चपला अजून पलंगाखाली आहेत. आवाज तेवढा तुमच्या घरी आहे.

गळा कापायच्या आधी मालकांनी रिकामं थिएटर उघडून दिलं होतं, आणि यांनी लंगड्या घोड्याचा पिक्चर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत टेपवर बोलून ठेवला होता. मला म्हणाले होते, "हे तुला. कंटाळलीस की लावत जा." मी अजून एकदाही लावला नाही. हिंमत नव्हती. आता आहे, तर टेप नाही. लवकर पाठवा.

तुमची,
वहिनी


१९ मार्च

ती. वहिनींस सा. न.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर आता माझ्यापेक्षा चांगलं झालंय. दोन अनुस्वार राहिलेत आणि 'कळायचं' एका ठिकाणी पुन्हा आलंय. राग मानू नका, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता वाण्याची पुडीसुद्धा मी पेन्सिल घेऊन वाचतो.

कॅसेट अगदी सुरक्षित आहेत. त्यांच्यावर थोडं काम चालू आहे. एकदा झालं की पाठवतो. दादाची वस्तू आहे, ती नीट होऊनच तुमच्या हातात पडली पाहिजे, नाही का?

एक आनंदाची गोष्ट. आमच्या चित्रपट मंडळात माझं भाषण ठेवलंय, विषय जुने स्वस्तातले काउबॉय पिक्चर. बाकीची मंडळी मोठमोठ्या दिग्दर्शकांवर बोलतात. मी म्हटलं, ज्या पिक्चरांनी आमचं बालपण खाल्लं त्यांच्यावर कुणी बोलणार की नाही? माझं म्हणणं असं की त्यांत चांगलं आणि वाईट स्वच्छ वेगळं असतं. पांढरी टोपी, काळी टोपी. माणसाला असं जग हवं असतं, म्हणून गर्दी. तुम्ही दारावर होतात. माणसं का यायची, तुम्हाला काय वाटतं? लिहा. भाषणात तुमचा उल्लेख करीन.

आपला,
भावजी

ता. क. ताई, मी धाकटी जाऊ. यांना न विचारता कोपऱ्यात लिहितेय. हे हल्ली दुपारभर खोलीचं दार लावून घेतात आणि आत एकटेच बोलतात. काल "बाई, हे पाणी तुमचं नाही" असं कुणाला तरी दरडावत होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणे, "आत्ता नको, घोडे येतायत." डॉक्टरला दाखवू की तुम्ही समजावता?


२८ मार्च

प्रिय भावजी,

धाकटीची ओळ वाचली. तिला रागावू नका. मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. तुम्ही दार लावून दादाचा आवाज ऐकत बसता आणि त्याच्याबरोबर बोलता, हे मला कळलं नव्हतं. मी इकडे मनात म्हणत होते, भावजी टेप हरवून बसले आणि आता टोलवाटोलवी करतायत. तसं मनात आणलं, त्याचं वाईट वाटतं. भाऊ तुमचाही होता. असं करा, दोन्हींची गरज नाही. दुसरी कॅसेट, शेवटाची, मला द्या. पहिली तुम्ही ठेवा. वाटून घेऊ. भावांच्या वाटण्या अशा गोडीने झालेल्या कुणी पाहिल्यात?

आता तुमचा प्रश्न. टोप्यांचं म्हणाल तर आमच्याकडे यायच्या त्या कॉपी इतक्या झिजलेल्या असायच्या की सगळ्याच टोप्या करड्या दिसायच्या. कोण चांगला नि कोण वाईट ते हे सांगतील तेव्हा कळायचं. एकदा यांनी चुकून दरोडेखोराला नायक करून टाकलं आणि अर्ध्यात लक्षात आल्यावर म्हणाले, "मंडळी, आता याची बुद्धी फिरली." कुणी तक्रार केली नाही. माणसांच्या बुद्ध्या फिरताना सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात.

माणसं का यायची? पंख्याखाली पाय पसरून बसायला मिळायचं, हे एक. दुसरं म्हणजे त्या पिक्चरांत कुणाला साहेब नसतो. नोकरी नको झाली की माणूस घोड्यावर बसतो आणि निघतो. राजीनामा नाही, मागचा पगार नाही, घरी काय सांगू ही चिंता नाही. ते एक निघून जाणं बघायला आमचे हमाल पुन्हा पुन्हा यायचे.

आणि तिसरं, मला जे खरं वाटतं ते. ते पिक्चर गरीब होते. तोच खडक चार वेळा यायचा. नायक त्याच्या डावीकडून पळायचा, मग उजवीकडून, की झालं दुसरं गाव. रात्र म्हणायची आणि जमिनीवर दुपारची सावली. एका दरोडेखोराच्या मनगटावर घड्याळ होतं. अख्खी बाकं ओरडायची, "किती वाजले रे?" गुत्त्याचं दार आपटलं की सगळी भिंत हलायची, आणि हे वरून म्हणायचे, "हळू हो, घर भाड्याचं आहे." भपकेबाज पिक्चर बघताना माणूस तोंड मिटून बसतो. इथे त्याला वाटायचं, आपल्यासारखंच कुणीतरी जोडतोड करून हे उभं केलंय. चुका पकडायचे, पण मायेने. घरातल्या माणसाच्या पकडाव्यात तशा.

हे हवं तर भाषणात घाला. माझा उल्लेख नको.

वहिनी


२ मे

ती. वहिनी,

उत्तराला उशीर झाला. काम वाढलं.

तुमचं पत्र मंडळात वाचून दाखवलं, घड्याळाला खूप हशा पडला. सेक्रेटरींनी एक मोठं काम केलं आहे. त्यांनी लंगड्या घोड्याच्या पिक्चरची नवीकोरी, धुतलेली प्रत कुठून तरी मिळवली. खाली सगळे संवाद छापून येतात. आणि वहिनी, तिच्यात पहिलं रीळ आहे! पिक्चर आपल्याकडे आला तेव्हापासून जे कुणीच पाहिलं नव्हतं ते.

मी तीनदा पाहिला. कसं लिहू? दादाला गोष्ट चुकीची कळली होती. दादा सांगायचा की तो माणूस मेलेल्या मित्राचं खोगीर खांद्यावर घेऊन त्याच्या बायकोला परत द्यायला आलाय, आणि नवरा गेल्याचं तिला सांगायची त्याची जीभ रेटत नाही. तसं काहीच नाही. तो गुरांच्या कंपनीने पैसे देऊन पाठवलेला माणूस आहे. बाईला धमकावून जमिनीवरून हुसकवायचं, कारण तिच्या शेतात पाण्याचा झरा आहे. खोगीर त्याचं स्वतःचंच. घोडा लंगडायला लागला म्हणून पाठीवरून उतरवलेलं!

इतकी वर्षं आपण एक भलताच पिक्चर पाहत होतो. मंडळात मी हे बोललो नाही. दादाचं नाव सांगून झालं होतं, पुढच्या महिन्यात त्याची टेप ऐकवायची असंही ठरलं होतं. आता काय ते मला बघावं लागेल.

आपला,
भावजी


९ मे

प्रिय भावजी,

एवढं कशाला मनाला लावून घेता? पहिलं रीळ नव्हतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पेटी उघडली तेव्हा पहिल्या डब्यात दुसऱ्याच कुठल्या पिक्चरचं लग्न निघालं. मालक म्हणाले, खेळ रद्द करा. हे म्हणाले, "रद्द कशाला? माणूस खोगीर खांद्यावर घेऊन चालत येतोय. घोडा रिकामा. कुणाचं तरी काहीतरी परत करायला आल्यासारखाच दिसतोय." तिथून ती गोष्ट निघाली. आणि मला विचाराल तर त्या चित्रात तीच बसते. तो नट प्रत्येक वेळी बाईसमोर येतो, तोंड उघडतो आणि खाली बघतो. धमकावणारा माणूस खाली कशाला बघेल? खराच वाईट नट असेल तर गोष्ट वेगळी.

मागच्या बाकावरचे हमाल नाक शिंकरायचे त्या पिक्चरला. एक जण मला तिकीट देताना म्हणायचा, "आज तरी सांगेल का हो तो?" मी म्हणायची, "आत जाऊन बघा." त्याला पक्कं ठाऊक होतं की तो सांगणार नाही.

मंडळात टेप नका ऐकवू हवी तर. लाज वाटत असेल तर मुळीच नका. मला ती लोकांना ऐकवायची नाहीच, मला एकटीला ऐकायची आहे. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने माझा जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिलाय. पट्टा बदलला, आता नीट फिरतो. टेबलावर मांडून ठेवला आहे. दुसरी कॅसेट पाठवा. साध्या टपालाने नको, नोंदवून पाठवा.

वहिनी


२० जून

ती. वहिनींस सा. न.

सोबत पुडक्यात दोन्ही कॅसेट आहेत. वाटणी नको, दोन्ही तुमच्याच. इतके दिवस तुम्हाला ताटकळत ठेवलं ते का, हे आता सांगतो. तुम्हाला चकित करायचं होतं.

टेप पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून मला ती खुपत होती. पुढच्या भागात मागून बारीक ऐकू येणारे जे इंग्रजी संवाद मला कळत होते, तेसुद्धा दादाने भलतेच बोललेले. मी तेव्हाच एकेक जागा दुरुस्त करायला घेतली होती. पण पहिलं रीळ पाहिल्यावर कळलं की मूळच चुकलंय. मग सगळं नव्याने. एका बाजूला पिक्चर चालू ठेवायचा, छापील संवाद भाषांतर करून समोर ठेवायचे, आणि जिथे दादाची चूक आली तिथे रेकॉर्डचं बटण दाबून त्याच जागी बरोबर वाक्य बोलायचं. ओठ मिटायच्या आत वाक्य संपलं पाहिजे! धाकटीला वाटलं मला वेड लागलं. आम्हा दोघांचा आवाज एकसारखा, हे तुम्हाला माहीतच आहे. फोनवर तुम्हीसुद्धा फसायचात. त्यामुळे जोड कुठे आहे ते कुणाला कळणार नाही.

खरं सांगायचं तर बरोबर असं फारच थोडं निघालं. शेवटाला दारात तो म्हणतो, "घोड्याला पाणी पाजतो आणि निघतो," ते एकच वाक्य दादाचं मुळाबरहुकूम. त्याच्या हातात बादली दिसते, त्यावरून अंदाज लागला असणार. बाकी रीळ बदलताना वगैरे जे बोलला आहे ते अर्थात तसंच ठेवलं.

मंडळात परवा ऐकवली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या भावाचं इंग्रजी फारच चांगलं होतं. वहिनी, माझा ऊर भरून आला. आयुष्यभर लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, सख्ख्या भावाच्या तशाच राहू देऊ? आता कुणी दादाला हसणार नाही.

ऐकून लगेच कळवा.

आपला,
भावजी


१५ जुलै

भावजी,

पुडकं मिळालं. तुमची पोच मागणारी दोन कार्डंही मिळाली.

तुमचं पत्र मी आधी वाचलंच नाही. पुडकं फोडलं आणि कॅसेट लावली. दार लावून घेतलं, पंखा बंद केला, खुर्ची जवळ ओढली. एक माणूस बोलायला लागला. स्वच्छ, सावकाश, एकही शब्द न गाळता. कंपनी, झरा, जमिनीचे हक्क. मी म्हटलं, आजारपणात बदलला असेल आवाज. मीच विसरले असेन. अर्धी बाजू होईपर्यंत मी तुम्हाला नवरा समजून ऐकत होते. मग घड्याळवाल्या दरोडेखोराची जागा आली आणि त्या माणसाने घड्याळाचं नावही काढलं नाही. तिथे मला शंका आली. मग तुमचं पत्र वाचलं.

दोन्ही कॅसेट शेवटपर्यंत ऐकल्या, पत्र शेजारी ठेवून. त्यांचं काय उरलंय ते सांगते. खोकला आहे. बराच आहे. "थांबा, रीळ बदलतो" आहे. एकदा "दार लाव गं, उजेड येतोय" आहे, ते मला म्हणाले होते, रिकाम्या थिएटरात दुसरं कोण होतं? एकदा पाणी पितात आणि भांडं ठेवतात. एवढं तुम्ही राहू दिलंत, कारण त्यात चूक सापडली नाही.

मी चौथीतून शाळा सोडली. वाचायला पोस्टरांवरून शिकले, पुढे वाचनालयाने शिकवलं. छापखान्याबद्दल मला काही कळत नाही. तिथे चूक दुरुस्त केली की जुना कागद फेकून देतात ना? तसंच असेल.

तुम्ही म्हणता आता दादाला कुणी हसणार नाही. भावजी, त्यांना हसायलाच माणसं यायची. पोट धरून हसायची आणि त्याच पिक्चरला शेवटी रडायची. तुम्ही त्यांना इंग्रजी येणारा माणूस करून टाकलंत. तसा माणूस मी ओळखत नाही. माझं त्याच्याशी लग्न झालेलं नाही.

वहिनी


२४ जुलै

ती. वहिनी,

मी हे प्रेमाने केलं, एवढं तरी मानाल ना?

कॉपी काढली होती का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. नाही काढली. काढणार होतो. मग वाटलं, चुकीची प्रत जपून कशाला ठेवायची?

पण मार्ग आहे. दादाची सगळी वाक्यं तुम्हाला पाठ आहेत, तुम्हीच म्हणता. ती लिहून पाठवा. उंदरांनी खाल्लेलं रीळ, भाड्याचं घर, खोगीर, सगळं. मी त्या जागी पुन्हा बोलतो, अगदी दादासारखं, त्याच्या ढंगात. इतके महिने सराव झालाय. एकही शब्द बदलणार नाही, शपथ. कुणाला फरक कळणार नाही.

आपला,
भावजी

ताई, मी धाकटी. घोड्यांच्या हाका आता बंद आहेत. पेन्सिली सगळ्या उचलून मी डब्यात टाकल्या तरी यांनी त्या शोधल्या नाहीत. मी त्यांची बाजू घेत नाहीये. तेव्हाच त्या खोलीचं दार तोडून आत गेले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. दोन ओळी लिहा, शिव्या घातल्यात तरी चालेल.


३ ऑगस्ट

भावजी,

शब्द माझ्याकडे होतेच. मी आवाज मागितला होता.

कुणाला फरक कळणार नाही, असं तुम्ही लिहिता. मला अर्ध्या बाजूपर्यंत कळला नाही, हेच तर माझ्या जिवाला लागलंय. मी एक ओळही लिहून पाठवणार नाही. त्यांची वाक्यं तुमच्या तोंडून ऐकली तर उद्या माझ्या कानात तेच राहील, आणि मग खरोखरच काही शिल्लक राहणार नाही. आहेत ती माझ्या आवाजात का होईना, माझ्यापाशी राहू द्या.

प्रेमाने केलंत हे मी मानते. ते मानल्याने काही सोपं होत नाही.

आता एकाच गोष्टीचं खरं उत्तर द्या. शेवटाला दारातलं वाक्य, "घोड्याला पाणी पाजतो आणि निघतो." तुमच्या पत्राप्रमाणे ते दादाचं बरोबर होतं. बाकी ठिकाणी मला शब्दांवरून ओळखता येतं, खोगीर म्हणजे ते, झरा म्हणजे तुम्ही. इथे शब्द दोघांचे एकच आहेत. त्याच्या आधीचं वाक्य तुमचं आहे आणि नंतरचंही तुमचं. मधे खट्ट होत नाही, श्वासही तुटत नाही. ते वाक्य त्यांचं आहे का? अख्खं एक वाक्य त्यांचं उरलं असेल तर मला पुरेल. टेपमधलं एक वाक्य. जास्त मागत नाही.

वहिनी


३० ऑगस्ट

ती. वहिनी,

परवा तुमच्याकडे येऊन गेलो तेव्हा तुम्ही चहा दिलात, खुर्ची दिलीत, एक शब्द वावगा बोलला नाहीत. त्यापेक्षा धाकटी म्हणते तशा शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. ते वाक्य आपण तिघांनी किती वेळा ऐकलं! धाकटी म्हणाली, "हे तर तुम्हीच." मी म्हणालो, "नाही, दादाच. शंभर टक्के दादा." तुम्ही मान हलवलीत आणि कपबशा उचलल्यात.

घरी आल्यापासून झोप नाही. मी ते तुमच्या तोंडाकडे बघून म्हणालो. मला माहीत नाही, वहिनी. बोलता बोलता ओघात मी तिथे बटण सोडलं की पुढे बोलतच राहिलो, आठवत नाही. आणि ऐकून मला कळत नाही. माझाच आवाज मला ओळखता येत नाही. कधी वाटतं, 'निघतो' मधला 'घ' दादाचा आहे. मग तसाच 'घ' मी धाकटीला 'घड्याळ दे' म्हणताना माझ्या तोंडून ऐकतो.

खोटं बोललो तेवढं परत घेतो. एवढीच दुरुस्ती माझ्या हातात उरली आहे.

भावजी


११ सप्टेंबर

भावजी,

खरं लिहिलंत, बरं केलंत. तुम्ही "शंभर टक्के" म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं की तुम्हाला ठाऊक नाही. माणूस खात्री असली की एवढ्या जोरात बोलत नाही.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही, आणि या वयात नसलेल्या गोष्टी असल्यासारख्या लिहिणं मला जमत नाही. तुम्ही पत्रं लिहा, मी वाचीन. उत्तर येईलच असं धरू नका. धाकटीला म्हणावं, तू तुझी वेगळी लिहीत जा.

कॅसेट मी शेवटापाशी आणून ठेवली आहे. रेडिओवाला म्हणतो, आजी, एकाच जागी इतक्यांदा लावलंत तर टेप झिजेल. झिजू दे. सकाळी कामं आटोपली की बटण दाबते, ते वाक्य ऐकते आणि बंद करते. तेवढंच. डोळे मिटून ऐकते. काही दिवस ते असतात, अगदी ते, वरच्या खिडकीतून. काही दिवस तुम्ही असता.

आज तुम्ही होतात.

वहिनी